कुलूप कोणाचं?

साहेबांनी लाल पाटी टेबलावर ठेवली, शेजारी पेन ठेवलं आणि खुर्ची न ओढता उभ्यानंच म्हणाले, "थोरली आजारी म्हणून कळवा."

शिफ्ट इन्चार्ज बाईंनी पाटीकडे पाहिलं, मग कंट्रोल रूमच्या मोठ्या काचेतून पलीकडे. थोरली जिथल्या तिथे उभी होती. रंग उडालेली, अंगभर नळ्या, डोक्यावर कबुतरं.

"काय झालंय तिला?"

"काही झालेलं नाही. कळवायचं."

टेबलापाशी बसलेल्या मामांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मामा बॉयलर सांभाळायचे. ते तिथे कोणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचेच झाले होते. ऐकायचं नसेल तेव्हा चष्मा पुसायचा, ही त्यांची जुनी रीत. अर्थात चष्मा आणि कान यांचा काय संबंध, हे त्यांना कोणी कधी विचारलं नाही.

त्या वीज केंद्रात दोन संच होते. कागदावर त्यांना क्रमांक होते, पण माणसांच्या तोंडी ते क्रमांक कधी बसले नाहीत. जुना संच थोरली, नवा धाकटी. धाकटी थोडक्या कोळशात भरपूर वीज द्यायची आणि आल्यागेल्यासमोर तिचं कौतुक व्हायचं. थोरली खायची जास्त, धूर काढायची जास्त आणि उठायला वेळ लावायची. स्वस्त वीज आधी घ्यायची, महाग शेवटी, असा बाजाराचा नियम असल्यामुळे रांगेत ती कायम शेवटची. ऊन तापलं, घराघरातले पंखे आणि एसी एकदम सुरू झाले आणि बाकी सगळ्यांचे हात टेकले, की मग थोरलीची आठवण व्हायची. थोरलीचं सगळीकडे असंच असतं. रोज कोणी विचारत नाही आणि अडल्या दिवशी तिच्यावाचून पान हलत नाही.

संचांची खबर सांगायला तिथे तीन शब्द होते. सांगितलं की पेटेल तो संच जागा. ठरवून दुरुस्तीला काढलेला निजलेला. आणि अवचित बिघडलेला आजारी. रोज सकाळी भार केंद्रातून फोन यायचा. कोणत्या वीज केंद्रानं किती वीज द्यायची हे ठरवणारी ती कचेरी दूर कुठेतरी होती, आणि फोनवरच्या माणसाला इथल्या कोणीही पाहिलेलं नव्हतं. ऐकलेला प्रत्येक शब्द त्याला परत म्हणून दाखवावा लागे, तसा त्यांच्याकडे दंडकच होता, म्हणून त्याचं नाव पडलं पोपट. बाईंनी म्हणावं, "थोरली जागी," आणि पोपटानं म्हणावं, "थोरली जागी." इतक्या वर्षांत त्याला सर्दी झालेली बाईंना दोन शब्दांत कळायची, पण त्याचं खरं नाव त्यांनी विचारलं नव्हतं.

"बसा साहेब," बाई म्हणाल्या. "उभ्यानं आजारपण ठरवू नये."

साहेब बसले. त्यांना माणसं पाठीमागे दशांश साहेब म्हणत, कारण दशांश चिन्हापुढचे आकडे सांगितल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नसे. आज मात्र त्यांनी एकही आकडा उच्चारला नाही. बाईंना ते जास्त काळजीचं वाटलं.

"तुम्हाला सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "बाहेरून येणाऱ्या कोळशाचा भाव कुठल्या कुठे गेला. वीज आयोगानं विजेला दर बांधून दिला, त्याच्यावर एक पैसा घ्यायचा नाही. त्या दरात थोरलीचा कोळसासुद्धा सुटत नाही."

"नाकापेक्षा मोती जड."

"तेच. आज उकाडा बघताय ना? जागी म्हटलं की संध्याकाळी बोलावणार. गेलो तर प्रत्येक युनिटमागे पदरचं घालायचं. नाही गेलो तर दंड. आणि आजारी असली तर दोन्ही माफ."

"मग भार केंद्राला खरं सांगा. परवडत नाही म्हणावं."

"परवडत नाही असा शब्द नाही त्यांच्याकडे. जागी, निजलेली, आजारी. चौथा शब्द आहे का सांगा."

"नसेल तर मागायचा. आयोगापुढे उभं राहून मागायचा, की बाबांनो, तुमच्या दरात आमची चूल पेटत नाही."

"मागितलाय. निकाल यायला वर्ष जाईल. आजची संध्याकाळ आज आहे."

"वरून फोन आला का?"

साहेब हसल्यासारखं करून म्हणाले, "वरून फोनवर कोणी काही सांगत नसतं, बाई. वरून नुसतं विचारतात, काय करणार आहात?"

माणूस वाईट नव्हता. गेल्या वर्षी थोरलीवरची माणसं कमी करायचा कागद आला तेव्हा तो महिनोन्‌महिने स्वतःच्या टेबलाखाली दाबून ठेवणारा हाच माणूस होता. केंद्र बुडालं तर आपण सगळे बुडू, असं तो मनापासून म्हणायचा. वाईट असता तर बाईंना सोपं गेलं असतं. चांगल्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे घशात अडकलेलं काढण्यासारखं काम.

"आणि संध्याकाळी गावातली वीज जाईल, त्याचं काय?" बाईंनी विचारलं.

"आळीपाळीनं जाईल. एकेका भागाची. लोकांना सवय असते."

"सवय अंधाराची असते हो, खोट्याची नाही."

"बाई, ही तत्त्वं आपल्याला परवडत नाहीत. एक शब्द आहे. सही करा, व्हॉल्व्हला कुलूप लावा, संपलं."

कुलूप. घोडं तिथेच पेंड खात होतं, आणि साहेबांनाही ते पक्कं माहीत होतं.

संच आजारी झाला म्हणजे तो कोणी चुकून पेटवू नये म्हणून पहिला जाळ धरायच्या तेलाच्या व्हॉल्व्हला कुलूप लागायचं. ते कंपनीचं कुलूप नसे, माणसाचं असे. प्रत्येकाला स्वतःचं एकेक लाल कुलूप मिळालेलं, त्यावर पितळेच्या बिल्ल्यावर त्याचा क्रमांक, आणि किल्ली एकच. ती दोऱ्यात ओवून गळ्यात. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा असो. लावणारा रजेवर गेला तर त्याला बोलावून आणत. एका फिटरला तर त्याच्या स्वतःच्या लग्नातून उठवून आणलं होतं, आणि नवरी तासभर फाटकाबाहेर गाडीत बसून होती. भार केंद्रालाही ही रीत ठाऊक होती. आजारी म्हटलं की पोपट विचारायचाच, कुलूप कोणाचं?

ही रीत कुठल्या नियमातून आलेली नव्हती. ती बाईंच्या नवऱ्याच्या पायातून आली होती.

तेव्हा तो याच केंद्रात कोळसा दळायच्या गिरणीवर होता आणि कुलपं होती, पण कागदी. काम राहिलं की लाव कुलूप, वरचे विचारतील म्हणून लाव कुलूप, कोळसा कमी आला, लाव कुलूप. चांगल्या यंत्रांवर इतकी कुलपं लटकत होती की माणसांनी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं. एका दुपारी नवरा गिरणीच्या आत शिरून साफसफाई करत होता. बाहेर कुलूप होतं. गिरणी लगेच हवी होती आणि एकजण म्हणाला, हे कागदीच असणार, कापा. तोही माणूस काही दुष्ट नव्हता. त्यानं खोटी कुलपं इतकी पाहिली होती की खरं त्याला ओळखता आलं नाही. नवरा वाचला, डावा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. आता तो घरी बसून शेजारपाजारचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा आणि म्हणायचा, माझा एक पाय अजून कंपनीत कामाला आहे, त्याचा पगार तेवढा देत नाहीत.

बाईंनी गळ्यातला दोरा बोटाभोवती गुंडाळला.

"साहेब, चांगल्या यंत्राला मी कुलूप लावणार नाही."

"हा माझा हुकूम आहे."

"असू दे. शब्दाचा हुकूम देता येतो. कुलूप माझं आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते मामांकडे वळले. "मामा, तुमचं लावा."

मामांचा चष्मा एव्हाना नव्यासारखा झाला होता. "माझं ना, साहेब? ते घरी आहे. मांजरं फार झालीत. दुधाच्या कपाटाला लावलंय." त्यांच्या गळ्यातली किल्ली शर्टाबाहेर लोंबत होती आणि ती आत ढकलायची तसदीही त्यांनी घेतली नाही.

साहेबांनी टर्बाइनवरच्या पैलवानाकडे पाहिलं. पैलवान म्हणजे काडीपैलवान. जोराचा वारा सुटला की मामा त्याला आत बोलावून घेत. तो घाईघाईनं म्हणाला, "माझं बिघडलंय साहेब. उघडतं, पण लागत नाही."

"चमत्कारच आहे. सगळ्यांची कुलपं एकाच दिवशी गेली?"

"उकाडा आहे साहेब," पैलवान म्हणाला. "लोखंडाला सोसत नाही."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ओठावर येऊ दिलं नाही. त्यांनी पाटी साहेबांकडे सरकवली. "तुम्हालाही मिळालंय ना एक? तुमचं लावा."

"माझं कसं लावणार? मी केंद्राचा प्रमुख. उद्या चौकशी झाली तर..."

वाक्य तिथेच राहिलं. साहेबांनी ते पूर्ण केलं नाही आणि मागेही घेतलं नाही.

"हां," बाई म्हणाल्या. "उद्या चौकशी झाली तर."

इतक्यात फोन वाजला. बाईंनी हात पुढे केला, पण साहेब जवळ होते. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि ताकाला जाऊन भांडं न लपवता थेट म्हणाले, "थोरली आजारी."

रिसीव्हर जुना होता. पलीकडचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू यायचा. इथून पुरुषाचा आवाज आलेला पोपटानं बहुधा बऱ्याच दिवसांनी ऐकला असावा.

"थोरली आजारी," तो म्हणाला. "कुलूप कोणाचं?"

साहेबांनी डोळे मिटले. "शिफ्ट इन्चार्जचं."

"शिफ्ट इन्चार्जचं. त्यांना द्या जरा."

"त्या कामात आहेत."

"त्या कामात आहेत. मी थांबतो."

साहेबांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती. कंपनीची खोली, मुलीचं शिक्षण, घरी पंख्याची पाती पुसत बसलेला नवरा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. भीती वाटली, चांगलीच वाटली. आणि भीतीपेक्षा राग जास्त आला, की माझ्या तोंडचा शब्द तर मागितलाच, वर न विचारता माझं कुलूपही परस्पर लावून टाकलं.

त्यांनी रिसीव्हर घेतला.

"बोलतेय. माझं कुलूप माझ्या हातात आहे. थोरली जागी आहे."

पोपटानं घसा खाकरला. मग दंडकाप्रमाणे त्यानं सगळंच्या सगळं म्हणून दाखवलं. "आपलं कुलूप आपल्या हातात आहे. थोरली जागी आहे." आणि पुढे, "संध्याकाळी लागेल. पेटवायला घ्या."

बाईंनी फोन ठेवला. हे सगळं तिकडे ध्वनिमुद्रित होत असतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मला खोटं पाडलंत."

"मी माझ्यापुरतं खरं बोलले. त्यात तुम्ही पडलात."

"उद्यापासून येऊ नका."

"बरं," बाई म्हणाल्या. "उद्याचं उद्या. आज दोनपर्यंत इन्चार्ज मी आहे. मामा, तेल सोडा."

मामा इतक्या चपळाईनं उठले की त्यांची खुर्ची मागे पडली.

थोरली पेटवणं म्हणजे रुसलेल्या माणसाला जेवायला उठवण्यासारखं. घाई केली तर बिनसतं, दुर्लक्ष केलं तरी बिनसतं. आधी तेलावर जाळ धरायचा, पाणी हळूहळू तापू द्यायचं, नळ्या सैल होऊ द्यायच्या, मग कोळसा. बाई या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होत्या. साहेब आपल्या खोलीत न जाता कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिले. हातात मोबाइल होता. तो थरथरायचा, ते बघायचे आणि उचलायचे नाहीत.

जाळ बसल्यावर बाईंनी व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला.

"अहो, नोकरी गेली बहुतेक."

"कुठे गेली? माझा पाय गेला तिथेच का?" नवरा म्हणाला. "बरं झालं, दोघांना सोबत होईल."

बाईंनी नाक ओढलं. तो थट्टा करत होता, पण मागे चालू असलेला मिक्सर त्यानं बंद केला होता.

"कशावरून?" त्यानं विचारलं.

"थोरली चांगली आहे आणि कुलूप लाव म्हणत होते."

तिकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"लावलं नाहीस ना?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? जेवायला ये वेळेवर."

"रडत नाहीये मी."

"बरं. मग न रडता ये."

आत आल्या तेव्हा पैलवान पाण्याच्या काट्याकडे बघत उभा होता. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला, आणि पुन्हा पहिल्या पायावर आला. बाईंना तो पवित्रा ओळखीचा होता.

"काय आहे?"

"पाणी जास्त जातंय, बाई. वाफ तेवढी येत नाही."

बाईंनी काटा पाहिला. शेजारचा पाहिला. पुन्हा पहिला पाहिला. मग काही न बोलता मामांच्या मागोमाग बॉयलरच्या जिन्यानं वर गेल्या. तिसऱ्या मजल्यावर मामा भिंतीला टेकून उभे होते. जाळाच्या आवाजाच्या आत आणखी एक आवाज होता. बारीक, एकसुरी, कोणी दात आवळून श्वास सोडावा तसा. नळी फुटली होती. इतके दिवस थंड पडून राहिलेल्या जुन्या नळीनं तापता तापता जीव सोडला होता.

मामा बाईंच्या कानाशी ओरडले, "साहेबांना पेढे मागा! सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा!"

बाईंना हसू आलं नाही. त्या खाली येईपर्यंत प्रत्येक पायरीला एकच विचार येत होता: सकाळी हो म्हटलं असतं तर? नोकरीही राहिली असती, शब्दही आपोआप खरा झाला असता. नशिबानं अशी चेष्टा करावी आणि वर बघत उभं राहावं!

पण खाली साहेब आनंदलेले नव्हते. त्यांनी ऐकलं आणि ते बाकावरून उठलेच.

"नाही. आता आजारी म्हणता येणार नाही."

"नळी फुटलीय, साहेब."

"फुटू दे! सकाळी आजारी म्हटलं, तुम्ही जागी म्हणालात, दोन्ही नोंदलं गेलं. आता पुन्हा आजारी? कोण विश्वास ठेवेल? म्हणतील, मुद्दाम पाडली. आयोग चौकशी लावेल, परवाना जाईल. लांडगा आला रे आला झालंय आपलं." ते धापा टाकत होते. "बारीक गळती आहे ना? मी पाहिलंय, अशीच चालवतात एकेक दिवस. एवढी संध्याकाळ काढा. मी हात जोडतो, बाई. संध्याकाळ काढा, बाकी सगळं मी बघतो. तुमचंही बघतो."

तुमचंही बघतो, म्हणजे काय ते बाईंना कळलं. मामांनाही कळलं असावं, कारण त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच राहिला.

"ती नळी शेजारच्या नळ्या कापते आहे," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर माणसं ये-जा करतात. भिंत फोडून वाफ आली तर कोणाच्या अंगावर येईल ते तुम्ही बघणार आहात का?"

"तुम्हीच म्हणालात ना सकाळी, जागी आहे? चांगली आहे?"

"सकाळी खरं होतं ते सकाळी बोलले. आता खरं आहे ते आता बोलते." बाईंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. "सकाळी ठणठणीत होती तर म्हणे आजारी म्हण. आता धाय मोकलून रडतेय तर म्हणे जागी म्हण. तुमचा बाजार तापला की ती आजारी आणि तुमची अब्रू तापली की ती बरी? ती काय तुमच्या सोयीनं आजारी पडते? मामा, जाळ काढा. पैलवान, वाफ हळू सोड."

कोणीही साहेबांकडे पाहिलं नाही. मामांनी तेलाची कळ दाबली.

बाईंनी फोन लावला. पहिल्याच घंटेला तो उचलला गेला.

"थोरली आजारी. बॉयलरची नळी फुटली. कुलूप माझं, लावायला निघालेय."

साहेब दोन्ही हात टेबलावर टेकून उभे होते आणि रिसीव्हरकडे असे बघत होते, जणू तिथून आयोगच बाहेर येणार आहे. सकाळचे शब्द पोपटाच्याही कानात असणारच. विचारायला त्याच्याकडे पुष्कळ होतं.

"थोरली आजारी," तो म्हणाला. "बॉयलरची नळी फुटली. कुलूप आपलं." आणि मग दंडकात नसलेलं एक वाक्य त्यानं स्वतःच्या पदरचं घातलं. "संध्याकाळचं आम्ही बघतो, बाई. सांभाळून जा खाली."

बाईंनी फोन ठेवला. पाटीवर आपल्या हातानं कारण लिहिलं, सही केली आणि कुलूप घेऊन खाली गेल्या.

तळमजल्यावर अजून धग होती. तेलाचा व्हॉल्व्ह बंद करून त्यांनी साखळी ओढली, पाटी अडकवली आणि कुलूप दाबलं. किल्लीचा दोरा पुन्हा गळ्यात घातला. वर नळ्यांमधून थोरलीची उरलेली वाफ सुटत होती. आवाज मोठा होता, पण आता त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी गावाच्या कुठल्यातरी भागात अंधार होणार होता. तो खऱ्या कारणानं होणार होता, एवढंच. बाईंना त्याचंही वाईट वाटलं, पण मान खाली घालावी असं ते वाटणं नव्हतं.

मागे पावलं वाजली. साहेब जिना उतरून आले होते. इतक्या खाली ते सहसा येत नसत. कॉलर घामानं भिजली होती. ते कुलपापाशी वाकले आणि बिल्ल्यावरचा क्रमांक त्यांनी वाचला.

"थंड व्हायला किती वेळ लागेल?"

"आत माणूस जाण्याजोगी परवा होईल. मग नळी बदलायची, शेजारच्या तपासायच्या, पाणी भरून बघायचं. आठवडा धरा."

"आठवडाभर आत माणसं असतील."

"असतील."

"आणि हे कुलूप..."

बाईंनी साखळी एकदा ओढून पाहिली. कापायची कातरी भिंतीवर चार पावलांवर टांगलेली होती आणि तिच्याकडे दोघांपैकी कोणीही पाहिलं नाही.

वरून मामांची हाक आली की वाफ उतरली, काटा शून्यावर आलाय. बाईंनी ओरडून ठीक आहे म्हटलं, हात पुसले आणि त्या जिन्याकडे वळल्या. दुसऱ्या शिफ्टची माणसं फाटकातून आत येत होती.

"बाई," साहेबांनी मागून हाक मारली.

त्या थांबल्या.

"उद्या किती वाजता याल?"

"सहाला," बाई म्हणाल्या. "माझी पहिली शिफ्ट असते."